पुराच्या होडीचे इंजिन : पेट्रोल अडते कोठे?



ऊस, खत आणि पाणी हे या पानाचे नेहमीचे विषय. या खेपेस होडीच्या इंजिनाचा पाठ घेतला म्हणून कोणी हसू नये. आपले पुष्कळ सभासद नदीकाठचे आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाने पाहिले. पूर्वी पाणी गावात शिरले की गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडायची आणि तीत म्हातारी माणसे, पोरेबाळे बसवून कोरड्या जागी आणायची. आता काठच्या बऱ्याच गावांत पंचायतीकडे किंवा तरुण मंडळाकडे मागे इंजिन लावलेली होडी आली आहे. ही गोष्ट चांगलीच झाली. पण काहील कधी बंद पडत नव्हती, इंजिन बंद पडते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे गेली. त्या दुर्घटनेची चर्चा येथे करायची नाही. पण भर पुरातली होडी म्हणजे काय जोखीम असते, हे तेव्हापासून कोणाला नव्याने सांगावे लागत नाही.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला काठच्या एका गावची मंडळी आपल्या होडीचे इंजिन घेऊन कारखान्याच्या वर्कशॉपात आली. मागचा पूर ओसरल्यापासून ते इंजिन पंचायतीच्या खोलीत, खुर्च्या आणि सतरंज्यांच्या मागे उभे होते. टाकीत पेट्रोल होते तसेच होते. आम्ही पाण्याने भरलेल्या बॅरलच्या कडेला इंजिन अडकवले. (होडीचे इंजिन कोरडे कधीही चालवू नये. त्याला गार ठेवणारे पाणी ते खालूनच ओढते. पाणी नसेल तर आतला रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो.) तिसऱ्या झटक्याला ते चालू झाले. सगळ्यांचे चेहरे फुलले. चार मिनिटे चालले, मग आवाज बारीक होत होत गप्प झाले.

झाले! जो तो प्लगाकडे धावला. आमच्यातल्या एकाने पाना घेऊन प्लग काढलासुद्धा. उपसा योजनेच्या पंपावर ज्यांचे आयुष्य गेले असे एक तात्या बाजूला उभे होते. ते म्हणाले, "आरं, प्लग काय बघतोस? त्यो फुगा बघ की. पार चपटा झालाय."

तात्यांनी होडीचे इंजिन पूर्वी कधी हाताळलेले नव्हते. पण नदीवरचा पंप त्यांना पाठ होता, आणि खरे म्हणजे तेवढ्यावर हा सगळा पाठ समजतो. नदीवरच्या पंपाला पाणी कसे येते? फूटव्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला पाहिजे, सक्शनचा पाइप कोठे हवा घेता कामा नये, आणि सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरून घेतले पाहिजे. यातले एक चुकले की मोटर नुसती घरघरते, पाणी काही येत नाही. होडीच्या इंजिनाचे तेच आहे. फक्त पाण्याच्या जागी पेट्रोल.

पेट्रोलची वाट अशी. होडीत एक सुटी टाकी असते. तिच्या तळापर्यंत एक नळी उतरलेली असते आणि नळीच्या टोकाला बारीक जाळी. तेथून रबरी नळी निघते. त्या नळीत मध्येच मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो, त्याच्या दोन्ही तोंडांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे तोंड करून पाहिजे. नळीच्या शेवटी खटक्याने बसणारे कनेक्टर, त्यात रबरी रिंगा. इंजिनाच्या झाकणाखाली छोटा फिल्टर, मग पातळ पडद्याचा पेट्रोलपंप, आणि शेवटी कार्बोरेटर. अगदी छोट्या, दोन-तीन हॉर्सपॉवरच्या इंजिनावर टाकी वरच बसवलेली असते, पेट्रोल आपल्या वजनाने उतरते आणि कॉक उघडला की झाले. त्यांना फुगा नसतो. बाकीच्यांना मात्र हा फुगा म्हणजे वैद्याने धरलेली नाडी आहे.

फुगा चपटा होऊन तसाच राहिला, याचा अर्थ इंजिन पेट्रोल ओढत आहे आणि मागून ते येत नाही. म्हणजे अडथळा फुग्याच्या मागे, टाकीकडे. टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. टाकीतून पेट्रोल जेवढे जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. स्क्रू आवळलेला असेल तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडकून बसते. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार कशी गुचके देत पडते, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे समजावायला नको. आम्ही स्क्रू सैल केला. 'फुस्स' असा आवाज झाला, टाकीचा आत बसलेला पत्रा 'टक्' करून बाहेर आला आणि इंजिन पहिल्या झटक्याला चालू झाले. प्लग काढणाऱ्याने मुकाट्याने पाना ठेवून दिला.

हा स्क्रू कोण आवळतो? कोणी मुद्दाम नाही. टाकी वाहनातून नेताना किंवा साठवताना तो आवळायचाच असतो, नाहीतर वाफ बाहेर येते. आवळणारा एक असतो आणि होडी चालवणारा दुसरा. आम्ही त्या गावाला टाकीवर लाल रंगाने 'हवा उघडा' असे लिहायला सांगितले आहे. उलटी चूकही होते. स्क्रू बंद ठेवून आणि नळी इंजिनाला जोडून टाकी उन्हात राहिली, तर आतला दाब वाढतो आणि पेट्रोल आपोआप इंजिनात ढकलले जाते. मग इंजिन पेट्रोलने तुंबते. म्हणून थांबलो की नळी इंजिनापासून सोडवावी.

आता कोणाला वाटेल, पाठ संपला. आम्हालाही तसेच वाटले. पण दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा डचकू लागले. या वेळी फुगा चपटा नव्हता, नुसता मऊ पडला होता. एकाने फुगा हाताने दाबत ठेवला तर इंजिन सुरळीत, सोडला की पुन्हा डचके. ही खूण ध्यानात ठेवावी. हाताने दाबल्यावर जर इंजिनाला जीव येत असेल, तर एक तर इंजिनाचा स्वतःचा पेट्रोलपंप अशक्त आहे, नाहीतर वाटेत कोठेतरी नळी हवा घेत आहे. सक्शनला बारीक चीर असली की बाहेर थेंब दिसत नाही, फक्त हवा आत जाते. पण फुगा दाबला की आतून दाब येतो आणि त्याच चिरेतून पेट्रोल पाझरते. आम्ही इंजिन बंद करून फुगा जोराने दाबला आणि नळीवर बोट फिरवत गेलो. इंजिनाजवळच्या कनेक्टरपाशी बोट ओले झाले. आतली रबरी रिंग कापलेली होती. दोन कापाच्या मधोमध नुसती वाळूची कण्णी बसली होती, तिने एवढे सगळे केले.

फुगा दाबण्याचीही रीत आहे. इंजिनाकडचे तोंड वर करून धरावे आणि दाबावा. चार-सहा दाबांत तो टणक झाला पाहिजे. टणक झाला म्हणजे कार्बोरेटर भरले आणि आतली सुई बंद झाली. कितीही दाबला तरी टणक होत नाही, याचा अर्थ टाकी रिकामी आहे, हवा घेतली जात आहे, किंवा फुग्याच्या झडपा गेल्या आहेत. आणि दाबता दाबता कार्बोरेटरातून पेट्रोल सांडू लागले तर त्याची सुई कचऱ्याने उघडी राहिली आहे. अशा वेळी दाबणे ताबडतोब थांबवावे आणि आसपास कोणी विडी ओढत असेल तर त्याला आधी लांब पाठवावे. फुगा टणक आहे, तरी इंजिन उपाशी, असे झाले तर अडथळा फुग्याच्या पुढे आहे : फिल्टर, पंप किंवा कार्बोरेटर. म्हणजे एका फुग्याने रोग टाकीकडचा की इंजिनाकडचा, एवढे निम्मे निदान होऊन जाते आणि त्याला पानासुद्धा लागत नाही.

मग प्लग कधी पाहावा? इंजिन कसे बंद पडले ते आठवावे. दिवा मालवावा तसे एकदम बंद झाले तर बहुधा ठिणगीचा दोष. पहिल्यांदा लाल बटणाची दोरी पाहावी. चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची ती क्लिप सुटली की इंजिन बंद होते आणि परत लावल्याशिवाय चालू होत नाही. कित्येक इंजिने केवळ त्यापायी 'बिघडलेली' ठरतात. पण आवाज बारीक होत, डचके खात, रडतखडत बंद झाले तर दोष पेट्रोलचा. पुष्कळदा झटके मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल पोचते आहे. ठिणगी पाहावी, किंवा ते तुंबले आहे असे समजावे.

रिंग बदलल्यावर इंजिन मंद चालीत सुरेख चालले. गती वाढवली की मात्र गुदमरायचे. चोक थोडा ओढला तर तेवढ्यापुरते सावरायचे. चोक ओढून सुधारते याचा अर्थ पेट्रोल कमी पडते. मंद चालते आणि जोरात चालत नाही, तर कार्बोरेटरचे मोठे जेट धरलेले. मंद चालतच नाही, फक्त जोरात चालते, तर मंद चालीचे बारीक छिद्र बुजलेले. आम्ही कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली उन्हात धरली. तळाला वेगळा थर स्पष्ट दिसत होता. टाकीच्या तळातले पेट्रोल काढले, तर तेथेही तोच प्रकार.

या ठिकाणी थोडे थांबणे जरूर आहे, कारण ही गोष्ट आपल्या उसाची आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली नऊ राज्यांत ५ टक्क्यांनी सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. त्या इथेनॉलचा काही भाग साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून जातो आणि त्याचे पैसे उसाच्या बिलाला हातभार लावतात. तेव्हा इथेनॉलला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आपण जी वस्तू करतो तिचा स्वभाव आपल्यालाच ठाऊक नसेल तर ते बरे दिसत नाही. इथेनॉल पाण्याचे सख्खे आहे. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल मात्र दोघांतही मिसळते, आणि पाणी भेटले की त्याची ओढ पाण्याकडे जास्त.

याचा प्रयोग आम्ही वर्कशॉपाबाहेर मोकळ्यावर केला. उभट काचेच्या मोजपट्टीच्या बाटलीत पंपावरचे २० टक्केवाले १०० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, त्यात १० मिलिलिटर पाणी घालून हलवावे आणि ठेवून द्यावे. तळाला थर किती येईल? सगळे म्हणाले १०. आला ३० च्या जवळपास. पाण्याने पेट्रोलमधले इथेनॉल ओढून आपल्याकडे घेतले. टाकीतही हेच होते, फक्त सावकाश. झाकणातून पावसाचे पाणी उतरते, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरते, दमट हवा आत-बाहेर करते. थोडे पाणी असेपर्यंत इथेनॉल ते पोटात घेते आणि काही दिसत नाही. १० टक्के मिश्रणात साधारण लिटरला ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा पाणी मावते. २० टक्क्यांत त्याहून जास्त मावते. पण मर्यादा ओलांडली, किंवा पाऊस लागून हवा गार झाली, की पाणी आणि इथेनॉल दोघे मिळून तळाला बसतात. आणि टाकीतली नळी पेट्रोल घेते ती नेमकी तळातून!

दोन स्ट्रोकच्या इंजिनात, ज्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, यात आणखी एक धोका आहे. ते ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, तळाच्या थरात उतरत नाही म्हणा ना. इंजिन तो थर पिऊन चालले तर कोरडे चालल्यासारखे होते आणि पिस्टन धरतो. असे फुटलेले पेट्रोल ताजे पेट्रोल ओतून सुधारत नाही. ते पूर्ण काढून टाकावे लागते. काढलेले पेट्रोल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

जुन्या नळ्यांचाही विचार करावा. बऱ्याच होडीच्या इंजिनांच्या पुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले आढळते. वरच्या मिश्रणात जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा कडक होऊन तडकते. कधीकधी नळीचे आतले अस्तर सुटते आणि ओढ लागली की आतल्या आत दार लावल्यासारखे बंद होते. बाहेरून नळी नवी दिसते, फुंकर मारली तर मोकळी वाटते, पण चालत्या इंजिनात पेट्रोल अडते. या दोषाने चांगले चांगले मिस्त्री दमतात. नळी, फुगा आणि रिंगा इथेनॉल चालणाऱ्या मागून घ्याव्यात आणि जुन्या झाल्या की वाट न पाहता बदलाव्यात. इंजिनाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

कार्बोरेटर आम्ही उघडून धुतले. जेट पितळेचे असते. त्यात लोखंडी तार किंवा दाभण घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. भोक एका केसाने मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावे. फुंकताना डोळे सांभाळावेत. पेट्रोलपंपाचा पडदाही उजेडात धरून पाहावा. दोन स्ट्रोकमध्ये त्याला सुईएवढे भोक पडले तरी पेट्रोल सरळ इंजिनाच्या पोटात जाते, धूर वाढतो, इंजिन तुंबते. चार स्ट्रोकमध्ये पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकते : ऑइलची काडी ओढून पाहावी, पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास. तसे आढळले तर इंजिन चालवूच नये. नवीन इंजेक्शनच्या इंजिनांत घरी पाहण्यासारखे हवेचा स्क्रू, फुगा, नळी आणि पाणी अडवणारा फिल्टर एवढेच. पुढचे काम त्याच्या माहीतगाराकडे द्यावे.

ऑइलबद्दल दोन शब्द. ५० ला १ असे प्रमाण पुस्तकात असेल तर लिटरला २० मिलिलिटर. पुस्तकात वेगळे असेल तर पुस्तकाचे ऐकावे. होडीच्या दोन स्ट्रोक इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले ऑइल येते, ते घ्यावे. 'थोडे जास्त घातले तर बरे' हे खरे नव्हे, प्लग मात्र काळे होतात. चार स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचेच नाही. रॉकेल, डिझेल घालून पाहण्याचा उद्योग कोणीही करू नये.

पुरात, माणसे बसलेली असताना इंजिन बंद पडले तर? झाकण उघडण्याच्या आधी होडी वाहू लागलेली असते. म्हणून पहिला हात वल्ह्याला किंवा दोराला. झाड, विजेचा नव्हे असा खांब, पाण्याबाहेरची भिंत, जे सापडेल तेथे होडी धरावी, आणि खाली पूल असेल तर प्रवाहाच्या मधोमध राहू नये. होडी थांबली की मग हवेचा स्क्रू, दोरीची क्लिप, नळीचा खटका, फुगा. चौघांना हात लावायला अर्धे मिनिट पुरते आणि अंधारातही जमते. तेवढ्याने चालू झाले नाही तर तेथे कार्बोरेटर खोलत बसू नये. वल्हवत काठ गाठावा. दोन वल्ही आणि लांब दोर होडीत नसेल तर इंजिन कितीही नवे असो, माणसे बसवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पेट्रोल भरताना टाकी होडीतून उतरवून जमिनीवर ठेवावी. पेट्रोलची वाफ जड असते, होडीच्या तळात साचून राहते, आणि एक ठिणगी पुरते.

आम्ही हे सगळे पाहिले तेव्हा एक गोष्ट उघड दिसली. त्या इंजिनात पुरात काही बिघडलेच नव्हते. जे बिघडले ते खोलीत उभे राहून. पूर ओसरला की होडी धुऊन, इंजिन गोड्या पाण्यात चालवताना टाकीची नळी काढून टाकावी. कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. मग तळाच्या स्क्रूतून राहिलेले थेंब काढावेत. टाकी पूर्ण रिकामी करावी.  रोहिणी निघाल्या की इंजिन बॅरलात चालवून पाहावे, आणि तरणा पाऊस लागला की टाकीत ताजे पेट्रोल भरावे. भरल्याची तारीख टाकीवर खडूने लिहावी. पूर येतात ते बहुतेक पुष्य-आश्लेषात; तोवर पेट्रोल महिन्याहून जुने झाले असेल तर ते मोटरसायकलला वापरून नवे भरावे. मोटरसायकलला अर्थात बिनऑइलचेच.

मृग निघेपर्यंत वर्कशॉपाच्या मागे पाण्याचे बॅरल भरून ठेवले आहे. काठच्या ज्या गावांना आपले इंजिन चालवून पाहायचे असेल त्यांनी कामाच्या वेळेत आणावे. टाकी रिकामी आणावी, पेट्रोल येथे ताजे भरू. नळी आणि फुगा मात्र बरोबर पाहिजे. मागच्या आठवड्यात एक गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इंजिन घेऊन आले आणि फुगा पंचायतीच्या खोलीतच राहिला.